वापरलेला घडीचा कॅम्पर ट्रेलर घ्यायचा का? शिनोळी ते बेळगाव, प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

माल असा: एका अ‍ॅक्सलचा घडीचा कॅम्पर ट्रेलर, २०१६ सालची बनावट, पुण्याकडच्या एका फॅब्रिकेटरनं बांधलेला, एमएच ०९ पासिंग. सध्या चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पुढं एका काजूच्या शेडमध्ये उभा आहे. मालकाची मागणी २,४०,०००. घेणारं कुटुंब बेळगावचं, चौघांचं. गाडी केए २२ पासिंगची, शिडी-चॅसीची डिझेल. आंबोली, चोर्ला, कारवारचा किनारा, बदामी-हंपी असा फिरण्याचा बेत.

असा ट्रेलर आपल्याकडं फारसा दिसत नाही, म्हणून रचना थोडक्यात. खाली चाकांवर पेटी, वर फायबरचं झाकण, तेच छप्पर. विंच (दोर गुंडाळायचं हातयंत्र) फिरवली की वायररोप चार कोपऱ्यांतले नळीत नळी घातलेले दांडे वर ढकलतात आणि छप्पर उचललं जातं. मग पुढचा आणि मागचा पलंग रुळांवरून बाहेर ओढायचा, त्याखाली टेकूचे दांडे लावायचे. भिंती सगळ्या कॅनव्हासच्या. बंद केला की उंची १.३५ मीटर, त्यामुळं घाटात वारा कमी लागतो आणि आरशात मागचं दिसतं.

तपासायचा क्रम आधीच ठरवून टाकला: कागद, वजन, फळी (पेटीचा तळ), चॅसी-अ‍ॅक्सल, उचलणी, आणि सगळ्यात शेवटी कापड. बहुतेक लोक उलटं करतात. आधी तंबू उघडतात, गाद्या बघतात, पोरं आत शिरून बसतात, आणि मग भाव करायची ताकदच उरत नाही. कापड बदलता येतं, खोटा चॅसी नंबर बदलता येत नाही.

पावसाळा संपायच्या आत बघायचं हेही ठरलं. जानेवारीत प्रत्येक कॅनव्हास कोरडा आणि प्रत्येक फळी टणक वाटते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कागद.

आरसीवर वर्ग बघितला. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर, बिगर-वाहतूक. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत आहे, म्हणून ही नोंद बरोबर. हाच ट्रेलर मालवाहू म्हणून पास केलेला असता तर फिटनेस सर्टिफिकेट घेत राहावं लागलं असतं आणि आत माणसं झोपवण्यावरून प्रत्येक नाक्यावर वाद झाला असता. "ट्रेलरला आरसी लागत नाही" असं सांगणारे विकणारे भेटतात. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, नोंदणी सक्तीची आहे. बिनकागदाचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी तो भंगाराच्या भावानंच घ्यावा.

चॅसी नंबर उजव्या रेलवर, गाडीला जोडायच्या दांडीच्या मुळाशी कोरलेला आहे. पॉलिश पेपरनं रंग घासून पेन्सिल प्रिंट घेतली, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळली. नंबराच्या आजूबाजूला वेल्डिंगचा टवका नाही, पत्रा वेगळा जोडल्याची रेघ नाही. कर्जाचा बोजा नाही. थर्ड पार्टी विमा जानेवारीपर्यंत चालू.

आता सीमेचा भाग. ट्रेलर उभा आहे तिथून बेळगाव जवळ, लोक सकाळी भाजी घेऊन येतात-जातात, पण कागदाच्या हिशेबात हे दुसरं राज्य. कोल्हापूर आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत, ती बेळगाव आरटीओच्या नावानं. हस्तांतरासाठी २९ आणि ३०, कर्नाटकात नवीन नंबरासाठी २७. राज्याबाहेर विकताना देणाऱ्यानं ४५ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. "एमएच नंबरावरच चालवा, कोण विचारतंय" हा सल्ला इकडं सर्रास मिळतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं की नवीन नंबर घ्यावाच लागतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न मालकीचाच विचारते. कर्नाटकचा कर भरावा लागेल. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातला उरलेला भाग नंतर परत मागता येतो, पण तो हिशेबात धरायचा नाही. आला तर आला.

विम्याचं आणखी एक: ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीवरही ट्रेलरची नोंद करून घ्यायची. थोडाच प्रीमियम वाढतो.

कागद पास. पुढं जायला हरकत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

वजन. ट्रेलर वजनकाट्यावर नेला, गाडीपासून सोडवून एकटा उभा केला. आरसीवर रिकामं वजन ५१० किलो, एकूण वजनाची मर्यादा ७५०. काट्यानं दाखवलं ६२०. काट्याची सगळ्यात लहान पायरी १० किलोची, म्हणजे तेवढा फरक मोकळा सोडायचा, तरी १०० किलो जास्त आले कुठून?

उत्तर आत सापडलं. मागच्या मालकानं घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बसवली आहे, ती ५४ किलो. मागच्या टोकाला लोखंडी पत्र्याचं स्वयंपाकाचं कपाट, ४६ किलो.

नाकवजन, म्हणजे दांडी हुकावर टेकते ते वजन, घरातल्या माणसं मोजायच्या काट्यावर घेतलं. कपलरखाली (दांडीच्या टोकाची, गाडीच्या गोळ्यावर बसणारी वाटी) लाकडी ठोकळा, ठोकळ्याखाली काटा, दांडी हुकाच्याच उंचीला. आलं २४ किलो, म्हणजे एकूण वजनाच्या चार टक्क्यांच्या आत. पाच ते दहा टक्के हवं. दांडी हलकी असली की ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो, आणि वंटमुरी किंवा तवंदी घाटात मोठा ट्रक शेजारून गेला की तो झोका वाढत जातो. अशा वेळी ना जोरात ब्रेक, ना अ‍ॅक्सिलरेटर. पाय उचलून स्टिअरिंग सरळ धरायचं.

हिशेब मांडला. अ‍ॅक्सलपासून कपलर २.६ मीटर पुढं. कपाट अ‍ॅक्सलच्या ९० सेंटिमीटर मागं: ४६ × ०.९ ÷ २.६ = १६ किलो. बॅटरी ३० सेंटिमीटर मागं: ५४ × ०.३ ÷ २.६ = ६ किलो. दोन्ही काढले की दांडीवर २२ किलो वाढून ४६ होतात, आणि एकूण वजन ५२० वर येतं. नऊ टक्क्यांच्या आत, नेमकं हवं तिथं. म्हणजे मूळ बनवणाऱ्याचा तोल बरोबर होता, नंतर भर घालून बिघडवला.

५२० धरलं तर भरायला २३० किलो. बॅटरी (लिथियम, ५० अँपिअर-तास) ७, पाणी ४०, पाच किलोचा सिलिंडर टाकीसह १२, अंथरूण-पांघरूण ३०, भांडीकुंडी २५, पुढचा मांडव २०, टेबल-खुर्च्या १८. बेरीज १५२. कपडे आणि धान्यासाठी ७८ उरतात. पुरेसं आहे, फक्त पाण्याचे कॅन अ‍ॅक्सलवर किंवा किंचित पुढं, मागं कधीच नाही.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. युरोपात विनाब्रेक ट्रेलरला ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी ते, असा नियम आहे. आपणही तोच पाळावा. या गाडीचं वजन १,८५० किलो आणि तिच्या हँडबुकात विनाब्रेक ७५० लिहिलेलं आहे, म्हणून चालतंय. हँडबुकातलं हे पान घेणाऱ्यानं स्वतः वाचायचं. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेलांच्या पुस्तकात ओढायला सरळ मनाई असते, आणि हूक बसवणारा गॅरेजवाला ते पान कधी दाखवत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

फळी. आजचा पूर्ण दिवस यातच गेला आणि तो जायलाच हवा होता.

वरून विनाइल अंथरलं आहे, स्वच्छ, चकचकीत. त्याखाली १८ मिमीचा प्लाय. विनाइल असलं की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं एक वीत, एक वीत अंतरानं ठोकत गेलो. मधोमध टणक आवाज. दारापाशी जरा बसका. डाव्या मागच्या कोपऱ्यात आवाज पार बोदा. दोन पिनांचा ओलावा-मीटर लावला: मध्यभागी १३ टक्के, दारापाशी १८, कोपऱ्यात २७. विसाच्या वर गेलं की प्लायच्या थरांत कुजणं चालू झालं असं समजायचं.

मालकाच्या परवानगीनं कोपऱ्यातलं विनाइल उचललं. खाली काळपट डाग, बोटाला लागणारी बुरशी. टोच्या टेकवून अंगठ्यानं दाबला तर आठ मिमी आत गेला, हातोडी लागलीच नाही. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला भुसा. कुजका भाग साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटर.

पाणी आलं कुठून हे शोधल्याशिवाय नवीन फळी घालण्यात अर्थ नाही. छप्पर गळत नव्हतं. खाली चटईवर झोपून टॉर्चनं बघितलं. पलंगाचा रूळ ज्या बोल्टांनी पेटीला जोडला आहे, त्या भोकांत भरलेलं सीलंट वाळून सुटलं आहे. दुसरं, चाकाच्या कमानीचा पत्रा आणि फळी यांच्यातली सांध. चाक रस्त्यावरचं पाणी थेट तिथंच मारतं. आणि फळीच्या खालच्या बाजूला आणि कापलेल्या कडांना काहीच लावलेलं नाही. प्लाय पाणी पितो तो कडेनं. बेळगाव शहरात एक वेळ हे निभावलं असतं, पण चंदगड, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात चार महिने हवेतच पाणी असतं, ओला झालेला प्लाय ऑक्टोबरपर्यंत सुकत नाही.

हा कोपरा नुसता पाय ठेवायचा असता तर ठिगळ चाललं असतं. पण छप्पर उचलणाऱ्या दांड्याची बैठक त्याच्यावरच बोल्ट केलेली आहे. फळी मऊ म्हणजे बैठक हलणार, दांडा तिरका होणार, छप्पर एका कोपऱ्यात अडकणार आणि वायररोपवर दुप्पट ताण येणार. म्हणून ठिगळ नको. आडव्या चॅनेलपासून आडव्या चॅनेलपर्यंत पूर्ण पट्टा काढायचा. आयएस ७१० चा मरीन प्लाय, आठ बाय चारचे दोन ताव. कडांना आणि खालून इपॉक्सीचे दोन हात, भोकं पाडून झाल्यावर भोकांच्या आतूनही. आठ मिमीचे स्टेनलेस बोल्ट, मोठे वायसर, खाली ब्युटिल टेप. सिलिकॉन इथं वापरू नये. पुढच्या वेळी त्याच्यावर रंगही बसत नाही आणि दुसरं सीलंटही धरत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

चॅसी आणि अ‍ॅक्सल. सी-चॅनेलची चौकट सरळ, दोन्ही कर्ण मोजले, फरक तीन मिमी. दांडी जिथं चौकटीला मिळते तिथल्या वेल्डला तडा नाही. भेगा पडतात त्या इथंच, वायर ब्रश मारल्याशिवाय दिसत नाहीत.

कमानपाटे पाच-पाच, मधल्या बोल्टाच्या भोकापाशी तडा नाही. शॅकलचे बुश खाल्लेले, किरकोळ काम.

चाकं जॅकवर घेतली. वर-खाली धरून हलवलं तर डाव्या हबला खेळ. फिरवल्यावर खरखर. खोललं तर ग्रीस दुधाळ झालेलं, बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) बारीक खड्डे. चालवून झिजलेलं नाही हे. एकाच जागी उभं राहून सीलमधून ओल आत गेली आणि रोलर जिथं टेकले होते तिथंच गंजानं खाल्लं. उजवा हब बरा, तरी दोन्ही बाजूंचे बेअरिंग, सील बदलायचे. टेपर बेअरिंग बसवताना चाक फिरवत नट आवळायचा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागं घेऊन नवीन स्प्लिट पिन. घट्ट ठेवलं तर चोर्ल्याच्या उतारावर हब तापून निळा होतो.

टायर १५५/८० आर १३, भारांक ७९, म्हणजे एकाला ४३७ किलो. क्षमता भरपूर. नक्षीही जवळजवळ नवी. पण बाजूवरचा चार आकडी शिक्का १८१६, म्हणजे २०१६ चा अठरावा आठवडा. आठ वर्षांचं रबर, कडेला बारीक भेगा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. तिन्ही बदलायचे, स्टेपनीसकट.

कपलर ५० मिमीच्या गोळ्याचा. कुलपाची जीभ झिजली आहे. गोळ्यावर बसवून कुलूप लावल्यावर जॉकी व्हीलनं (दांडीखालच्या छोट्या चाकानं) दांडी वर उचलली. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला पाहिजे. गेला, पण खटखट वाजून. कपलर नवा.

वायरिंगमध्ये सात पिनांचा प्लग हिरवा पडलेला. डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही दिवे मिणमिणतात. हे नेहमी अर्थिंगचं दुखणं. पांढरी वायर चौकटीला रिव्हेटनं जोडली होती, तिथं गंज. नवीन वायर थेट प्लगपर्यंत न्यायची, चॅसीच्या भरवशावर सोडायची नाही.

गॅसच्या पेटीला तळाशी जाळी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून तळाची वाट मोकळी हवी. रबरी नळी तारखेबाहेर गेलेली.

६ ऑक्टोबर, रविवार

उचलणी. विंचला हात लावायच्या आधी चारही कोपऱ्यांचे टेकू खाली. हे टेकू डुलणं थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला किंवा सपाट करायला नव्हे. सपाट करायचा तो चाकाखाली फळी घालून आणि जॉकी व्हीलनं. टेकू न लावता मागचा पलंग ओढला तर ट्रेलर मागच्या बाजूला आपटतो.

छप्पर वर गेलं, पण डावा मागचा कोपरा चार सेंटिमीटर खाली राहिला. अर्धा दोष कुजक्या फळीचा, अर्धा वायररोपचा. मधल्या पुलीतून दोर जिथं वळतो तिथं सुती फडकं धरून फिरवलं, फडक्याला तारा अडकल्या. बाहेरून दोर धडधाकट दिसत होता. कारण बघितलं तर पुली फारच लहान आहे, दोराच्या जाडीच्या दहापट. निदान सोळापट व्यास हवा, नाहीतर प्रत्येक वळणावर तारा वाकून वाकून तुटतात. पाच मिमीचा ७×१९ गुंफणीचा गॅल्व्हनाइज्ड दोर, २४ मीटर, आणि ८० मिमीच्या सहा पुल्या उद्यमबागेत टर्नरकडून काढून घ्यायच्या. बेळगावात हे काम कुणीही दोन दिवसांत करून देतं, हा इथं राहण्याचा फायदा.

विंच ब्रेकवाली आहे. कुणीतरी मायेनं तिच्या चकत्यांना तेल पाजलं आहे. ब्रेक-विंचच्या चकत्या कोरड्याच ठेवायच्या असतात, तेल गेलं की हँडल सोडल्यावर छप्पर स्वतःच्या वजनानं खाली येतं. आज हळूहळू घसरत होतंच. म्हणून विंच नवी, आणि नवी आली तरी छपराखाली काम करताना चारही कोपऱ्यांत लाकडी टेकणं. यात सवलत नाही.

कापड. घड्यांच्या रेषांवर अंगठ्यानं दाबून दोन्ही हातांनी ताणलं. पुढच्या बाजूला टिकलं, मागच्या पलंगावर फाटल्याचा आवाज आला. काजूच्या वासानं आलेल्या उंदरांनी घडीच्या आत सहा-सात पदरांतून एकच भोक पाडलं आहे, उघडल्यावर ते रांगेनं दिसतं. खिडक्यांच्या जाळ्या चांगल्या, झिपा गंजलेल्या. नळीनं वीस मिनिटं पाणी मारलं, आत सगळ्या शिवणी ठिबकत होत्या. कुणीतरी डिटर्जंटनं घासून धुतलं असणार, त्यानं जलरोधक लेप निघून जातो. काळे ठिपके काढायला ब्लीच मारलं की सुती धागाच कमकुवत होतो. कॅनव्हास साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवावा, एवढंच. निकाल: पूर्ण नवीन.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ताडपत्री-तंबू शिवणाऱ्या कारागिराशी बोलणं झालं. सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास, पॉलिएस्टर धागा, जुन्या जाळ्या आणि खिडक्या काढून नव्यावर बसवायच्या. झिपा प्लॅस्टिकच्या जाड दातांच्या. ४६,००० सांगितले. त्यांचा आग्रह एकच: "माप जुन्या कापडावरनं घेत नाही. छप्पर सरळ करून द्या, मग येतो." बरोबर आहे, जुनं कापड चार सेंटिमीटर तिरक्या छपरावर ताणलेलं आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला, आज बेरीज. कॅनव्हास ४६,०००. फळी: प्लाय १०,४००, इपॉक्सी-बोल्ट-टेप २,६००, मजुरी ६,०००, म्हणजे १९,०००. दोर, पुल्या, विंच ९,५००. बेअरिंग, सील, बुश ३,२००. टायर तीन १२,०००. वायरिंग ५,५००. कपलर ३,५००. गॅसची नळी-रेग्युलेटर ८००. लिथियम बॅटरी १३,०००. एकूण १,१२,५००.

जुन्या मालाला १५ टक्के वर धरावेतच, सुमारे १७,०००. आरटीओ, कर, धावपळ २०,०००. मिळून १,४९,५००.

याच मापाचा नवीन बांधून घ्यायला ३,६०,००० सांगितले गेले. दुरुस्त, कोरडा, कागदासकट असा वापरलेला आमच्या हिशेबानं २,७०,००० चा. त्यातून खर्च वजा: १,२०,५००. मालकाला १,२०,००० सांगायचे, १,३०,००० च्या वर जायचं नाही. दुरुस्तीची यादी आणि ओलावा-मीटरचे फोटो त्यांच्यासमोर ठेवायचे. घासाघीस नको, आकडे दाखवायचे.

२० ऑक्टोबर, रविवार

ठेवायचं कुठं, हा प्रश्न भावाइतकाच मोठा. घराबाहेर ताडपत्री टाकून ठेवायचा असेल तर घेऊ नये, असं कुटुंबाला स्पष्ट सांगितलं. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. ओल्या कॅनव्हाससह घरी आलात तर दुसऱ्याच दिवशी पूर्ण उघडून वाळवायला जागा लागते: लांबी साडेपाच मीटर, उंची अडीच. मच्छे भागात नातेवाइकांची पत्र्याची शेड आहे, फरशी कोरडी, तीन बाजूंनी वारा, धान्य नाही म्हणजे उंदीर कमी. तिची चावी मिळाली तरच पुढं बोलायचं.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतर मालकांचा निरोप. आधी १,४५,००० म्हणाले, यादी सावकाश वाचली आणि १,२५,००० वर आले. इन्व्हर्टरची बॅटरी आणि लोखंडी कपाट त्यांच्याकडंच राहील, तेवढं आमच्या पथ्यावर. शेडचीही सोय झाली. अटी कागदावर: १०,००० इसार, बाकीचे ना-हरकत हातात आल्यावर बँकेतून. ना-हरकत नाही आली तर इसार परत. आधी पूर्ण पैसे आणि मागून कागद, असा व्यवहार दोन राज्यांच्या मध्ये कधी करू नये. विकणारा कितीही सज्जन असला तरी सहीसाठी तो पुन्हा पुन्हा कोल्हापूरला जायला कंटाळतो.

१४ डिसेंबर, शनिवार

ना-हरकत आली, पैसे दिले. जागेवरच बेअरिंग, टायर, कपलर आणि दिवे बदलून मगच रस्त्यावर आणला. बॅटरी-कपाट काढल्यावर नाकवजन ४५ किलो. हिंडलग्यापर्यंत ताशी ४० नं आणून थांबवला, दोन्ही हबला हात लावून पाहिले. कोमट, दोन्ही सारखे. सेफ्टी चेन दांडीखालून फुलीसारखी बांधली आहे, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळीवर पडेल.

कामाचा क्रम: जुनं कापड उतरवणं, फळी, दांड्याची बैठक, मग दोर-पुल्या-विंच. चारही कोपरे एका पातळीत आल्यावर कारागिराला मापासाठी बोलवायचं. नवीन कॅनव्हास चढल्यावर नळीनं एकदा पूर्ण भिजवून ताणलेलाच वाळवायचा, कॅनव्हासमधले सुती धागे फुगून सुईची भोकं बुजतात. पहिल्याच पाण्याला शिवणी थोड्या ठिबकल्या तर घाबरून मेण लावायला जाऊ नये, दुसऱ्यांदा भिजवून बघावं. नंबर बेळगावचा मिळाल्यावर पहिली फेरी सपाटीवरची, बदामीची. घाट त्यानंतर.